हेड गेलं म्हणजे नक्की काय गेलं?

सोलापुरात एप्रिल लागला की माझ्या टेबलावर इंकजेट प्रिंटरांची रांग लागते, आणि प्रत्येक प्रिंटरबरोबर त्याचं निदानही आयतं येतं. ‘मालक, हेड गेलंय.’ कुणी सांगितलं? शाईवाल्यानं, नाहीतर भाच्यानं, नाहीतर मोबाइलवरच्या व्हिडिओनं. मी नोझल चेकचा, म्हणजे हेडाच्या भोकांच्या रेषा छापून दाखवणारा, कागद मागतो. तो कुणीच काढलेला नसतो. झाकण उघडलं की मात्र स्पिरिटचा वास येतो, कधी काच पुसायच्या निळ्या पाण्याचा. म्हणजे घरगुती उपचार होऊन गेलेले आहेत.

इतकी वर्षं हे काम केल्यावर माझं मत असं झालंय : रिफिल शाईवर चालणाऱ्या प्रिंटरची जी हेडं ‘मेली’ म्हणून येतात, त्यांतली बरीच धडधाकट असतात. खरोखर मेलेली असतात त्यांतल्या पुष्कळांचा जीव दुरुस्तीनंच घेतलेला असतो. शाईवर आळ घेणं सोपं, म्हणून तिच्यावर जातो.

हेड म्हणजे काय ते आधी पाहू, कारण सगळी हेडं एका जातीची नसतात. एक जात उष्णतेवर चालते. नोझलच्या मागे बारीकसा हीटर असतो. तो काही मायक्रोसेकंदांत ३०० अंशांच्या वर जातो, शाईच्या पातळ थराचा बुडबुडा होतो आणि तो बुडबुडा थेंबाला बाहेर ढकलतो. कॅनन कंपनीत १९७७ साली इचिरो एंडो यांच्या हातून गरम सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागलं आणि सुईतून शाई उडाली, तिथून ही कल्पना सुचली असं त्या कंपनीच्या इतिहासात सांगतात. तिकडे अमेरिकेत एचपीचे लोकही त्याच सुमारास त्याच वाटेनं चालले होते. त्यांचा थिंकजेट १९८४ मध्ये बाजारात आला. एपसननं मात्र उष्णता घेतलीच नाही. तिथं पिझो स्फटिक असतो. वीज मिळाली की तो किंचित वाकतो आणि शाईला धक्का देतो. १९९३ च्या स्टायलस ८०० पासून ही पद्धत घराघरात गेली.

दुरुस्तीच्या टेबलावर हा फरक फार मोठा आहे. एचपीच्या ८०३ सारख्या काडतुसात हेड काडतुसालाच चिकटलेलं असतं. काडतूस फेकलं की हेडही गेलं. एपसनच्या टँकवाल्या प्रिंटरमध्ये हेड यंत्राचा कायमचा अवयव असतो आणि प्रिंटरच्या आयुष्याएवढं टिकावं अशी अपेक्षा असते. त्यामुळे एकासाठी सांगितलेला उपाय दुसऱ्याला लावला की घात होतो. व्हिडिओत एक मुलगा काडतूस गरम पाण्यात बुडवून दाखवतो, आणि आपल्याकडे कुणीतरी तेच एपसनच्या हेडला करतो.

रिफिलची गोष्ट भारतात कुणाला सांगायला नको. काडतूस महाग, शाई स्वस्त. आधी इंजेक्शननं काडतूस भरलं जायचं. मग प्रिंटरच्या बाजूला बाटल्या ठेवून, नळ्या ओढून ‘सीआयएसएस’ बसवायची लाट आली. कंपन्यांनाही शहाणपण आलं. एपसननं २०१० मध्ये इंडोनेशियात टँकवाले प्रिंटर काढले, ते लवकरच आपल्याकडे आले, आणि मागोमाग कॅनन, एचपीचेही आले. आता सेतू केंद्रापासून पतसंस्थेपर्यंत तेच दिसतात. टँक कंपनीचा, शाई मात्र ज्याला जी परवडेल ती.

या हेडाच्या भोकांचा आकार लक्षात घ्या. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास, नोझल २० च्या आसपास. एपसनच्या एल३११० मध्ये काळ्या रंगाला १८० आणि बाकीच्या तिघांना प्रत्येकी ५९ अशी भोकं असतात. थेंब मोजायचा तो पिकोलिटरमध्ये. एका मिलिलिटरचे शंभर कोटी भाग केले की त्यातला एक. एवढ्या बारीक भोकात शाई गळतही नाही आणि मागेही सरत नाही, कारण टँकमधली पातळी हेडापेक्षा थोडी खाली ठेवलेली असते. शाई आपल्या वजनानं किंचित मागे ओढली जाते आणि भोकाच्या तोंडाशी तिचा पडदा तोलून राहतो. नळ्यांच्या बाटल्या कुणी सोयीसाठी प्रिंटरच्या डोक्यावर मांडल्या की हा तोल मोडतो. सगळे रंग आपसूक खाली उतरतात आणि सकाळी टेबलावर रांगोळी असते.

आता कागदाकडे येतो, कारण खरं निदान तिथं आहे. नोझल चेक दोनदा काढायचा, मध्ये काही न करता. दोन्ही कागदांवर तुटलेल्या रेषा अगदी त्याच जागी असतील तर तिथं काहीतरी अडकलंय, वाळलेली शाई किंवा कण. जागा बदलत असतील तर ती हवा आहे. हवेला कितीही धुतलं तरी ती जात नाही, उलट धुण्यानं नवी आत येते. पहिला कागद स्वच्छ, पण पानभर गडद फोटो छापला की निम्म्यापासून एक रंग फिका होत गेला, तर हेड बरं आहे, शाई वेळेवर पोचत नाही. टँक खालच्या रेषेच्याही खाली गेलाय, नळी कुठं दुमडलीय, हेडाच्या आधी शाई गाळणाऱ्या डॅम्परची जाळी भरलीय, नाहीतर टँकचं हवेचं भोक बंद आहे. स्ट्रॉचं वरचं टोक बोटानं दाबलं की आतलं सरबत जागच्या जागी थांबतं, तसं ते. एल१०० सारख्या जुन्या मॉडेलला तर बाजूला एक कळच असायची, वाहतुकीच्या वेळी बंद करायची आणि छापताना उघडायची. घर बदललं, कळ बंदच राहिली आणि ‘हेड गेलं’.

पिवळ्याकडे विशेष लक्ष द्या. पांढऱ्या कागदावर पिवळ्या रेषा तुटल्यात की नाही हे डोळ्यांना कळतच नाही. दिवाळीच्या आकाशकंदिलातला निळा जिलेटिन कागद माझ्या ड्रॉवरमध्ये बारमाही असतो. त्यातून पाहिलं की पिवळा काळसर दिसतो आणि तुटलेलं लगेच उघडं पडतं. फोटोत चेहरे जांभळट येतात म्हणून तक्रार घेऊन येणाऱ्या स्टुडिओवाल्याचा आजार बहुतेक वेळा या कागदाखाली सापडतो. आणि पिवळ्याच्या जागी हिरवट रेषा आली तर ती वेगळी कहाणी. शेजारचा रंग त्याच्यात मिसळलाय, ते मुळात हेडाच्या खालच्या टोपीचं दुखणं असू शकतं.

टोपीबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी जरा जास्त बोलतो. काम संपलं की हेड उजव्या बाजूला जाऊन एका रबरी काठाच्या टोपीवर बसतं. कॅपिंग म्हणतो आम्ही. तिची दोन कामं. एक, नोझल वाळू न देणं. दुसरं, हेड क्लीनिंगच्या वेळी खालच्या पंपानं शाई ओढताना हवाबंद राहणं. काठावर शाईचा थर साचला, केस चिकटला, की पंप शाईऐवजी बाजूची हवा ओढतो. मग माणूस क्लीनिंग मारतो, कागद आधीपेक्षा वाईट येतो, तो आणखी क्लीनिंग मारतो. अशा प्रिंटरला हेडाची औषधं देऊन काय होणार?

तपासायची रीत सोपी आहे. हेड बाजूला सरकवून टोपीत डिस्टिल्ड वॉटर काठोकाठ भरायचं आणि एक क्लीनिंग द्यायचं. पाणी तसंच राहिलं तर पंप किंवा त्याची नळी तुंबलीय. पाणी गेलं पण कागद सुधारला नाही तर काठ नीट बसत नाही. लिंट न सुटणाऱ्या कापडानं काठ आणि शेजारची रबरी पट्टी पुसायची. ही पट्टी हेडाचं तोंड पुसते, आणि आमच्या गावात तिचा एक खास शत्रू आहे. अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत यंत्रमागाच्या कारखान्यातल्या ऑफिसात प्रिंटर असेल तर टॉवेलाचा तूस हवेतून आत शिरतो, शाईत भिजून पट्टीवर बसतो, आणि मग प्रत्येक पुसण्यात तोच बोळा नोझलवरून फिरतो. अशाच एका कारखान्याचे अण्णा मला म्हणाले, ‘शाई कंपनीचीच घालतो, तरी हेड का भरतं?’ त्यांना मी पट्टीवरचा तूस चिमट्यानं काढून हातावर ठेवला. बाकी काही समजवावं लागलं नाही. आता त्यांचा प्रिंटर रात्री कापडाखाली असतो.

क्लीनिंगचं बटण फुकटचं नसतं, हेही सांगायला हवं. प्रत्येक वेळी ओढलेली शाई प्रिंटरच्या पोटातल्या स्पंजमध्ये जाते. यंत्र त्याचा हिशेब ठेवतं, आणि हिशेब भरला की दिवे लुकलुकतात, सर्व्हिसचा संदेश येतो आणि छपाई बंद. हेही ‘हेड गेलं’ या नावानं माझ्याकडे येतं! काही जण सॉफ्टवेअरनं फक्त आकडा शून्य करून देतात. स्पंज तसाच भरलेला राहतो आणि काही महिन्यांनी शाई टेबलाखाली उतरते. पॅड बदला, मग आकडा शून्य करा.

कंपनीच्या पुस्तिकेत एक ओळ असते जी पाळायला कुणाला धीर नाही : दोन-तीनदा क्लीनिंग करूनही फरक पडला नाही तर प्रिंटर बंद करून निदान १२ तास तसाच ठेवा. हवेचे बुडबुडे तेवढ्यात विरतात, वाळलेली कड भिजते. सेतू केंद्राच्या एका ताईंना मी हे सांगितलं तर म्हणाल्या, ‘भाऊ, बाहेर उत्पन्नाच्या दाखल्याला रांग लागलीय, बारा तास कुठले?’ बरोबरच आहे त्यांचं. म्हणून मी अशांना संध्याकाळी सांगतो : टोपीत स्वच्छतेच्या द्रवाचे चार थेंब टाका, हेड टोपीवर जाऊन बसू द्या, बंद करा, सकाळी बघा. बऱ्याचशा वाळलेल्या नोझल एवढ्यावर उघडतात.

हेड मारायच्या पद्धती मात्र मला पाठ झाल्यात. पहिली सिरिंजची. नळी जोडायची आणि अंगठ्याच्या जोरावर आत पाणी दाबायचं. पिझो हेडात वाकणारा पडदा अतिशय पातळ असतो आणि रंगांच्या वाटांमधली सीलही नाजूक. जोर लागला की ती फाटते. मग निळ्यात लाल, लालात पिवळा, आणि याला कुठलाही उपाय नाही. द्रव आपल्या वजनानं उतरू द्यायचा, फार तर बोटाच्या टोकानं किंचित ढकलायचा. नळाचं पाणी तर मुळीच नको. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यानं गीझरची कॉइल पांढरी होते, मग २० मायक्रॉनच्या भोकाचं काय होईल?

दुसरी पद्धत जास्त महागात जाते. हेड काढून नळाखाली धरलं जातं, पाणी वर चढतं, सपाट केबलच्या दातांमध्ये शिरतं, आणि ‘वरून कोरडं दिसतंय’ म्हणून हेड परत बसवलं जातं. पिझोला चालवायला चाळीस व्होल्टच्या आसपासचा दाब लागतो. ओल्या दातांत तो एकातून दुसऱ्यात गेला की हेडातलं सर्किट जळतं, लॉजिक कार्डवरचे ट्रान्झिस्टर जळतात, नशीब बरं असेल तर फक्त फ्यूज उडतो. खूण ओळखता येते. प्रिंटर चालू होतो, हेड डावी-उजवीकडे नेहमीसारखं पळतं, कागद बाहेर येतो आणि तो कोरा असतो, चारही रंग एकदम नाहीत. वाळल्यानं चार रंग एका रात्रीत असे बंद पडत नसतात. आणि खरा तोटा पुढे होतो : कार्ड न तपासता कुणी नवं हेड बसवलं की जळकं कार्ड त्यालाही जाळतं.

उष्णतेवर चालणाऱ्या हेडांचा मृत्यू वेगळा. त्यांच्या हीटरला थंड ठेवते ती शाईच. काडतूस पूर्ण कोरडं होईपर्यंत छापत राहिलं की हीटर कोरडाच तापतो. म्हणून ८०३ भरायचंच असेल तर ते रिकामं व्हायच्या आत भरा. शिवाय अशी हेडं एका काडतुसाच्या शाईपुरती बनवलेली असतात. वारंवार भरलं की हीटरवर करप बसते आणि थेंबाचा जोर कमी होतो. ती करप टिश्यूनं निघत नाही. एक गेलं, दुसरं घ्या, त्यात अश्रू ढाळण्यासारखं काही नाही.

शाईबद्दल माझं मत लोकांना विचित्र वाटतं : स्वस्त शाई वाईटच असते असं नाही, चुकीची शाई वाईट असते. शाई बहुतांश पाणी असते. त्यात ती लगेच वाळू नये म्हणून ग्लायकॉल, ग्लिसरॉलसारखे पदार्थ, बुरशी धरू नये म्हणून औषध, आणि रंग. डाय शाईत रंग पाण्यात विरघळलेला असतो, पिगमेंटमध्ये बारीक कण तरंगत असतात. टँकवाल्या कित्येक मॉडेलांत काळा पिगमेंट आणि बाकी रंग डाय असतात. काहींत चारही डाय. ‘सगळ्यांना चालते’ असं लिहिलेली बाटली ओतली की कधी फक्त एवढंच होतं, की सातबाऱ्यावर पाण्याचा थेंब पडला तर अक्षरं पसरतात. पण आधीची पिगमेंट आत असताना दुसरी जात वर पडली की कणांना वेगळं ठेवणारा विद्युतभार बिघडतो, कण गोळा होतात आणि डॅम्परची जाळी आधी भरते. शाई बदलण्यापूर्वी दोन्हींचे थोडे थेंब काचेच्या पेल्यात मिसळून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी गाळ दिसला तर ती बाटली दुकानदाराला परत.

चहाचे मग आणि टी-शर्ट छापणारी पोरं मात्र वेगळ्याच अडचणीत असतात. एल१३० सारख्या साध्या प्रिंटरमध्ये ती सब्लिमेशन शाई घालतात. ती शाईही कणांचीच असते, कागदावरून प्रेसच्या उष्णतेनं कापडात उतरते. रोज छपाई असेल तर चालतं. यात्रा, गणपती, वाढदिवस असा हंगामी धंदा असेल तर मधल्या आठवड्यांत कण खाली बसतात. त्यांना मी सांगतो, काम नसलं तरी एक दिवसाआड चारही रंगांच्या पट्ट्यांचं एक पान काढा. दोन रुपयांचं पान आहे. फोटो केकवाल्यांची खाण्याची शाई त्याहून चिकट. तिच्यासाठी प्रिंटर कोरा करकरीत, वेगळाच हवा, आधी साधी शाई गेलेल्या यंत्रात ती घालणं हा प्रश्न हेडाचा राहत नाही, खाणाऱ्याच्या पोटाचा होतो.

आणि ऊन. या प्रिंटरांच्या माहितीपत्रकात १० ते ३५ अंश अशी मर्यादा असते. मे महिन्यात पत्र्याखालच्या दुकानात पारा चाळिशीच्या पुढे असतो, हवा कोरडी, वर पंखा थेट प्रिंटरवर. त्यात आमच्याकडची सवय अशी की दुकान बंद करताना भिंतीवरचं मुख्य बटणच खाली करायचं. प्रिंटरला स्वतःच्या बटणानं बंद केलं तर तो हेड टोपीवर नेऊन बसवतो आणि मग दिवा विझतो. भिंतीवरून बंद केलं तर हेड जिथं असेल तिथं, उघड्या तोंडानं, रात्रभर. छापता छापता लाइट गेली तरी तेच. लाइट आली की गरज नसली तरी प्रिंटर एकदा चालू करून नीट बंद करावा. कोकणातल्या माझ्या मेव्हण्याच्या दुकानात हेड वाळण्याची कटकट फारशी नाही. तिथं पावसाळ्यात कागदच ओला होऊन वाकतो आणि धावतं हेड त्यावर घासतं. प्रत्येक गावाचा रोग निराळा.

एवढं सगळं पाहून झाल्यावर कधी कधी हेड खरोखर गेलेलं निघतं. मग प्रश्न येतो, बदलायचं की नवा प्रिंटर घ्यायचा? हेडाची किंमत नव्या प्रिंटरच्या किमतीचा मोठा तुकडा असते. कार्ड चांगलं असेल, यंत्र जुनं नसेल, तर मी हेड बदला म्हणतो. कार्डही गेलं असेल तर नवा घ्या. जुन्याचा पंप, टोपी, मोटर दुसऱ्या कुणाच्या कामी येईल म्हणून मी ठेवून घेतो आणि त्याचे पैसे बिलातून वजा करतो. नवा घेतल्यावर पहिल्यांदा शाई नळ्यांत भरत असते तेव्हा तो मध्येच बंद करू नका, कितीही घाई असली तरी. आणि दुरुस्तीला आणायचा असेल तर टँकची झाकणं घट्ट लावा, कळ असेल तर बंद करा, प्रिंटर सपाट ठेवा. स्कूटरच्या पायाशी उभा करून, नव्या पेठेतले गतिरोधक ओलांडत आणलेल्या प्रिंटरमध्ये नळ्यांत हवा शिरतेच, आणि चारही रंग मी पिशवीतून टिपून काढतो. त्याचे पैसे वेगळे घेतो.